नाक वर, शेपूट खाली!

अमेरिकेच्या युटा राज्यातलं मोआब म्हणजे जीपवाल्यांची पंढरी. तिथल्या लाल दगडांकडे निघालेली एक मराठी फॅमिली, तिची पिकअप आणि दीड इंचाचा एक हट्ट...

पुणे-नाशिक हायवेवर नारायणगावच्या आसपास सकाळी थोडा वेळ उभे राहिलात तर एक गंमत दिसेल. टोमॅटोचे क्रेट भरून मार्केटकडे निघालेली पिकअप कशी सरळ, रस्त्याला समांतर चाललेली असते. तीच पिकअप दुपारी माल उतरवून परत येते तेव्हा मागून उंच, नाक खाली. रस्त्यावर काहीतरी हुंगत निघाल्यासारखी! आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. गाडी कामाची आहे, काम झालंय, ती घरी चाललीये. बस्स.

आता अशीच एक पिकअप अमेरिकेत बघू. तिथे ती टोमॅटो वाहत नाही, ऑफिसला जाते. सोमवार ते शुक्रवार हौद्यात साधी लॅपटॉपची बॅगही नसते, तीसुद्धा पुढच्या सीटवर बसून येते. गाडी मात्र ओझं वाहायलाच बनवलेली. म्हणून रिकामी असताना तिचं बूड एक-दीड इंच वरच राहतं. मग शनिवारी सकाळी मालक कॉफीचा मग हातात घेऊन लांबून तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, 'छ्या! नाक घासतेय यार ही.'

इथून सुरू होतो 'लेव्हलिंग'चा फंडा. पुढच्या सस्पेन्शनमध्ये धातूची एक जाड चकती, म्हणजे स्पेसर बसवायचा, नाक वर उचलायचं की गाडी एकदम लेव्हल! खर्च साधारण शंभर-दीडशे डॉलर, वेळ एक शनिवार आणि फोटोत फरक म्हणाल तर जमीन-अस्मानाचा.

माझा मावसभाऊ या पंथाचा कट्टर अनुयायी. मूळचा चिंचवडचा, आता सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहाय नावाच्या गावात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. गेल्या ऑक्टोबरात मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने स्वागतालाच सांगितलं, 'चार दिवस सुट्टी टाकलीये. मोआबला जातोय. गाडी रेडी आहे.'

गाडी रेडी होती खरी. पण कशासाठी, ते कळायला आम्हाला दोनशेहून जास्त मैल जावं लागलं.

दीड इंचाने उडालेली झोप

दादाची गाडी म्हणजे टोयोटा टॅकोमा. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे आपल्या टेम्पोला असतात तसे पाटे. ती नवी घेतली तेव्हा त्याने मला व्हिडिओ कॉलवर टेप लावून दाखवलं होतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे २० इंच, मागे साडेएकवीस. (जमिनीपासून मोजायचं नसतं. टायरमधली हवा कमीजास्त असली की आकडा चुकतो.) 'हा दीड इंच माझी झोप उडवतोय गं,' दादा म्हणाला. हे मावशीच्या कानावर घातलं तर ती म्हणाली, 'दहावीला इतकी झोप उडाली असती तर बोर्डात आला असता!'

मग दादाने अभ्यास केला. स्पेसर मुख्यतः दोन प्रकारचे. एक बसतो स्प्रिंग आणि तिच्या वरच्या टोपीच्या मध्ये. त्यासाठी स्प्रिंग आवळून शॉकअप खोलावा लागतो. आवळलेली स्प्रिंग हातातून निसटली तर माणूस जायबंदी होतो, त्यामुळे हे घरच्या गॅरेजमध्ये करायचं काम नव्हे. शिवाय शॉकअपची लांबी आहे तेवढीच राहते आणि गाडी मात्र वर उभी राहते. म्हणजे खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागाच कमी उरते. दुसरा प्रकार बसतो अख्ख्या शॉकअपच्या डोक्यावर, चॅसिसच्या खाली. यात स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. दादाने हा दुसरा निवडला.

यातली एक गंमत ऐका. दादाने बसवलेली चकती होती फक्त पाऊण इंचाची, पण नाक उचललं गेलं दीड इंच! कसं? पुढचं चाक ज्या आडव्या आर्मला जोडलेलं असतं, तो आर्म चॅसिसला बिजागरीसारखा अडकवलेला असतो. शॉकअप आणि स्प्रिंगची जोडी त्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते, चाकापाशी नाही. घरचा दरवाजा मध्यावर एक इंच ढकलून बघा, कडेला तो दोन इंच सरकतो. तेच हे. म्हणूनच 'अर्ध्या इंचाने काय होतंय' हे वाक्य या धंद्यात फार महागात पडतं.

पुढे २१.५, मागे २१.५. दादाने अलाइनमेंटही लगेच करून घेतली. नाक उचललं की चाकांचे कोन बदलतात, मग टायर एका कडेने झिजतो आणि हायवेवर स्टिअरिंग भिरभिरायला लागतं, हे त्याला माहीत होतं. इथवर सगळं झकास होतं.

पण गाडी नुसती सरळ झाल्यावर ती थोडी रुबाबदार का नसावी, असं त्याच्या मनात आलं. सप्टेंबरच्या लाँग वीकेंडला त्याने पहिल्या चकतीवर आणखी एक अर्ध्या इंचाची चकती चढवली. नाक अजून एक इंच वर. अलाइनमेंट? 'करू की पुढच्या आठवड्यात.' तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको!

अप्पर मारणारे ट्रकवाले

गुरुवारी ऑफिस उरकून आम्ही संध्याकाळी निघालो. पुढे दादा आणि वहिनी, मागे मी आणि पाच वर्षांची भाची. हौद्यात पाण्याचे चार कॅन, जळाऊ लाकडं, तंबू, बर्फाचा पेटारा, हत्यारांची पेटी, खुर्च्या, जास्तीचं पेट्रोल आणि वहिनीने केलेल्या थालीपिठांचा डबा. पाणीच ७५ लिटर. सगळं मिळून अडीचशे किलो तरी असेल. आणि जड वस्तू शेवटी आणल्या म्हणून सगळ्या फाळक्यापाशी!

मोठा हायवे सोडून स्पॅनिश फोर्क कॅन्यनमधून रस्ता घाटात शिरतो आणि सोल्जर समिटच्या खिंडीपर्यंत चढत जातो. अंधार पडला, डोंगर दोन्ही बाजूंनी अंगावर आले आणि समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक ट्रक आम्हाला अप्पर मारायला लागला.

'अरे, तुझा अप्पर चालू आहे का?' वहिनी.

'डिप्परवरच आहे!' दादाने सिद्ध करण्यासाठी खरंच एकदा अप्पर मारून दाखवला. समोरच्या डोंगराचा शेंडा उजळून निघाला. नाक अडीच इंच उचललेलं, त्यात सामानाने शेपूट दीड इंच बसलेलं. आमचे दिवे रस्त्यावर पडतच नव्हते, ते समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जात होते. वळणावळणाच्या घाटात एका मोठ्या ट्रकचा ड्रायव्हर दोन सेकंद आंधळा झाला तर काय होईल, याचा विचार गाडीत सगळ्यांनीच केला असावा. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. स्टिअरिंगही हलकं लागत होतं. दादा सरळ रस्त्यावर सुद्धा सारखा डावीउजवीकडे दुरुस्ती करत होता.

घाट उतरल्यावर एक छोटं गाव लागतं. नाव काय, तर हेल्पर! कोळशाने भरलेल्या मालगाड्या सोल्जर समिटच्या चढावर एकट्या इंजिनाला झेपायच्या नाहीत, म्हणून इथे जादाची 'हेल्पर' इंजिनं जोडायचे. आपल्याकडे कर्जतला किंवा कसाऱ्याला बँकर लावतात ना, अगदी तसंच. अख्ख्या गावाचं नावच त्या इंजिनांवरून पडलं. ओझं किती आहे हे आधी ओळखून मग चढायला लागायचं, ही अक्कल इथल्या लोकांना शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. वहिनीने पाटी वाचून दादाकडे नुसतं बघितलं.

युरेनियम गेलं, रस्ते राहिले

रात्री उशिरा मोटेलवर पोचलो आणि सकाळी पडदा उघडला तर... बॉस! समोर लालभडक कडे, त्यांच्या मागे ला साल पर्वताची पांढरी शिखरं, नदीकाठी पिवळेजर्द झालेले कॉटनवुड. फोटो काढायचा नसेल तर मोबाईल फेकून द्यावा, असं दृश्य.

मोआब पाच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. मेन स्ट्रीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येतो. पण त्या रस्त्यावर ज्या गाड्या फिरतात त्या बघायला माणसं जगभरातून येतात. उघड्या जीप, उंच जीप, टायर माझ्या छातीला लागतील अशा जीप. इथे 'ईस्टर जीप सफारी' भरते. १९६७ साली गावच्या चेंबर ऑफ कॉमर्सने एका दिवसाची सहल म्हणून ती सुरू केली होती. आता ती नऊ दिवस चालते आणि जीप कंपनी दर वर्षी आपली नवी प्रायोगिक मॉडेल्स मिरवायला घेऊन येते.

या गावाला गाड्यांचं वेड लागलं त्याचं कारण मात्र गमतीचं आहे. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूगर्भतज्ज्ञाला मोआबच्या दक्षिणेला युरेनियमचा मोठा साठा सापडला. शीतयुद्धाचे दिवस, सरकारला अणुबॉम्बसाठी युरेनियम हवंच होतं. झालं! देशभरातून लोक हातात गायगर काउंटर घेऊन इकडे धावले. खनिजाचे ट्रक जावेत म्हणून बुलडोझरने कड्यांच्या पोटातून वाटा कोरल्या गेल्या. पुढे युरेनियमचा बाजार बसला, खाणी बंद पडल्या, वाटा मात्र राहिल्या. आज आपण ज्याला हौसेने 'ट्रेल' म्हणतो, त्यातल्या कित्येक वाटा मुळात मालवाहतुकीचे रस्ते आहेत.

आणि दगड? त्याला 'स्लिकरॉक' म्हणतात, म्हणजे निसरडा खडक. प्रत्यक्षात तो सॅण्डपेपरसारखा खरखरीत असतो आणि रबरी टायर त्याला घोरपडीसारखा चिकटतो. मग निसरडा कोणासाठी? जुन्या काळच्या घोड्यांसाठी. त्यांच्या लोखंडी नालांना इथे पकडच मिळायची नाही. नाव घोड्यांनी दिलं, मजा जीपवाले मारतात.

टक्!

शुक्रवारी सकाळी दादाचं टार्गेट ठरलेलं होतं, 'हेल्स रिव्हेंज'. गावाला लागूनच सॅण्ड फ्लॅट्स नावाचा राखीव भाग आहे, तिथली ही साडेसहा मैलांची वाट. सुरुवातच अशी की खडकाच्या एका अरुंद पाठीवर गाडी चढवायची, दोन्ही बाजूंना उतार. ड्रायव्हरला बॉनेटच्या पलीकडे फक्त आकाश दिसतं. नाक आधीच वर असेल तर आकाश जरा जास्तच.

जाताना रस्त्यात गुरं अडवायला टाकलेली लोखंडी जाळी लागली. तीवरून पुढचं चाक खाली उतरताना आवाज आला. टक्! पुढे एका खळग्यात पुन्हा टक्! दादाने रेडिओचा आवाज वाढवला. वहिनीने तो बंद केला.

वाटेच्या तोंडाशी दोन-तीन जीप रांगेत होत्या. पहिली जीप दगडावर चढली तेव्हा भाचीने टाळ्या वाजवल्या. दादाने गिअर टाकला. आणि वहिनी दार उघडून खाली उतरली. मागचं दार उघडून तिने भाचीलाही उतरवलं.

'आवाज कसला आहे ते कळल्याशिवाय मी हिला घेऊन या दगडावर चढणार नाही,' ती शांतपणे म्हणाली. 'तुला जायचं तर जा. आम्ही इथे बसतो.'

मागे एक जीप येऊन उभी राहिली होती. दादाचे कान लाल झाले. तुमच्यापैकी ज्यांनी आपल्या गाडीचं कौतुक चारचौघांत केलंय, त्यांना ही घडी ओळखीची वाटेल. मागे लोक बघतायत, पुढे दगड आहे आणि बायको रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभी आहे. मी मागच्या सीटवर मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होते.

दादाने पाच सेकंद स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. मग रिव्हर्स टाकला. मागच्या जीपवाल्याने हसून हात केला आणि वाट करून दिली. कोणीही फिदीफिदी हसलं नाही. मोआबमध्ये परत फिरणाऱ्यांची लोकांना सवय असावी.

'गाडीत काय काय आहे?'

गावातल्या एका गॅरेजचा मालक साठी उलटलेला, दाढीवाला, कमी बोलणारा. दादा त्याला स्पेसर कुठला, किती इंची, कुठल्या अलॉयचा हे सांगायला लागला. म्हाताऱ्याने हात वर करून थांबवलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'गाडीत काय काय आहे?'

दादा गप्प. ट्रिपचं सगळं प्लॅनिंग एक्सेल शीटवर केलेलं. पण वजन? ते काही कोणी लिहिलं नव्हतं.

गाडी लिफ्टवर चढली, चाकं लोंबकळली आणि 'टक्'चं गुपित उघडं पडलं. दोन चकत्यांमुळे चाक आता इतकं खाली लोंबत होतं की वरचा आर्म थेट स्प्रिंगला जाऊन धडकत होता. त्याजागी रंग उडून लोखंड चकाकत होतं. चाकाला फिरवणाऱ्या अॅक्सलचा कोन इतका तिरका झाला होता की त्याच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून चिरायला लागल्या होत्या. तो फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत आणि थोड्याच दिवसांत जॉइंट खलास.

पण म्हाताऱ्याने दादाला जवळ बोलावलं ते तिसऱ्या गोष्टीसाठी. एकावर एक चकत्या ठेवल्याने वरच्या बोल्टची लांबी पुरेनाशी झाली होती. नट जेमतेम दोन-तीन आट्यांवर अडकलेला होता. त्याच्या भरवशावर आम्ही चौघं रात्री तो घाट उतरून आलो होतो.

दादाने तो नट हातात घेतला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा मी लहानपणापासून बघतेय. क्रिकेटमध्ये आऊट झाल्यावरही इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता.

म्हातारा ओरडला नाही, लेक्चरही दिलं नाही. वरची चकती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, 'एक ठेव हवी तर. एक वाईट नसते. दगड आला की बंपर जरा उशिरा टेकतो. पण एकावर एक कधी नाही. आणि एक लक्षात ठेव, कंपनीने मागे ठेवलेला तो दीड इंच चुकून राहिलेला नसतो. तो तुझ्या सामानासाठी राखून ठेवलेला असतो.'

मग त्याने आम्हाला आकडे काढायला लावले. भरलेल्या गाडीचं शेपूट साडेएकवीस इंचांवरून २० वर आलं होतं. पुढे वजन फारसं नाही, तिथे जेमतेम पाव इंच उतरलेला. म्हणजे दादाने काहीच केलं नसतं, गाडी जशी शोरूममधून आली तशीच ठेवली असती, तर या सामानासकट ती पुढे पावणेवीस आणि मागे २० इंच उभी राहिली असती. जवळजवळ लेव्हल! ज्या सरळ रेषेसाठी दादाने दोन शनिवार घालवले, ती गाडीत आधीच होती. फक्त सामान भरल्यावर दिसणार होती.

एक स्पेसर ठेवूनही भरलेली गाडी सवा इंच मागे झुकलेलीच राहणार होती. त्यावर म्हाताऱ्याचा तात्पुरता उपाय सोपा. जड सामान फाळक्यापासून उचलून केबिनच्या भिंतीला चिकटवायचं, आणि ट्रेलवर जे लागत नाही ते कॅम्पवर ठेवून जायचं. त्याने अलाइनमेंट केली, गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइटचे स्क्रू फिरवून झोत खाली घेतला. संध्याकाळ झाली. आमचा अख्खा दिवस त्या गॅरेजच्या बाकावर गेला. भाचीने तिथल्या कुत्र्याला अर्धं थालीपीठ खाऊ घातलं, ही त्या दिवसाची एकमेव करमणूक.

शेफर ट्रेल

शनिवारी हेल्स रिव्हेंजचं नाव कोणी काढलं नाही. आम्ही कॅनियनलँड्स नॅशनल पार्ककडे निघालो. हौद्यात फक्त पिण्याचं पाणी, हत्यारं आणि जेवण, तेही केबिनला टेकवून.

पठाराच्या कडेला उभं राहून खाली बघितलं की शेफर ट्रेल दिसते. कड्याच्या अंगावर कोणीतरी दोरा टाकलाय अशी. सुमारे १५०० फूट उतार, एकामागून एक नागमोडी वळणं, बाहेरच्या बाजूला कठडा नाही. ही वाट आधी इथल्या मूळ रहिवाशांची, मग शेफर कुटुंबाची गुरं न्यायची पायवाट आणि १९५० च्या दशकात युरेनियमच्या ट्रकसाठी रुंद केलेला रस्ता. म्हणजे इथून भरलेले ट्रक वर चढायचे. वळणावर थांबून ते डोळ्यांसमोर आणून बघा, पोटात गोळा येतो.

दादाने लो रेंज टाकला आणि गाडी हळूहळू उतरवायला घेतली. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा इथला नियम. एका वळणावर खालून जीप आली, आम्ही कड्याला चिकटून थांबलो. दगडी पायरी आली, चाक खाली उतरलं. आम्ही चौघांनीही श्वास रोखला होता. टक् आलं नाही. बॉनेटच्या पलीकडे आज रस्ता दिसत होता.

'बाबा, आज गाडी बोलत नाहीये,' भाची म्हणाली. दादा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसला.

खाली उतरल्यावर वाट दोन दिशांना फुटते. एक जाते व्हाइट रिमकडे, शंभर मैलांची, तिला परमिट लागतं. दुसरी पोटॅश रोडला मिळून कोलोरॅडो नदीच्या काठाने मोआबला परत आणते. आम्ही दुसरी धरली. या वाटेवर तो कडा आहे, जिथे १९९१ च्या 'थेल्मा अँड लुईस'चा शेवट शूट झाला होता. त्यांनी गाडी कड्यावरून पुढे नेली, आम्ही तिथे बसून थालीपिठं खाल्ली. पुढे मिठागरांसारखी निळीशार तळी लागतात. पोटॅश खत काढायला वाळवणीसाठी बांधलेली. लाल वाळवंटात तो निळा रंग बघून आधी वाटतं डोळ्यांचा भास आहे.

परत येताना घाटात रात्र झाली. या वेळी सामान केबिनला चिकटून होतं, झोत खाली होता. सोल्जर समिटपर्यंत एकाही ट्रकने अप्पर मारला नाही. वहिनी शांतपणे झोपून गेली.

आणि एक पाटा

नोव्हेंबरात मी पुण्यात परतले आणि दादाचा मेसेज आला. त्याने गाडीच्या मागच्या पाट्यांत एक पाटा वाढवून घेतला होता. कॅम्पिंगला जायचंच आहे, सामान लागणारच आहे, मग शेपटालाही ताकद द्यायला हवी, असं त्याचं म्हणणं. आता कॅम्पिंगचं सगळं सामान भरल्यावर पुढे सव्वाएकवीस, मागे सव्वाएकवीस. टेप लावलेला फोटोही आला. चौघांचं सामान, चार पाण्याचे कॅन, गाडी एकदम लेव्हल.

'आणि रिकामी असताना?' मी विचारलं.

थोडा वेळ तो 'टाइप करतोय' असं दिसत राहिलं. मग उत्तर आलं, 'मागून सवा इंच वर. नाक खाली. सोमवारी ऑफिसला अशीच नेतो.'

खाली वहिनीचा व्हॉइस मेसेज होता. ती फक्त हसत होती.

गाडी लेव्हल करायचीय?

- आधी नेहमीचं सामान आणि माणसं भरा, मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत चारही बाजूंना मोजा. रिकाम्या गाडीच्या आकड्यावर स्पेसर घेऊ नका.
- स्पेसरची जाडी आणि गाडीचं उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर चाकापाशी जवळजवळ दुप्पट फरक पडतो.
- एकावर एक स्पेसर कधीही नाही. स्प्रिंग आवळायचं काम घरी नाही.
- बसवल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत, दोन्ही त्याच दिवशी. काही दिवसांनी सगळे नट पुन्हा तपासून घ्या.
- आपल्याकडे टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस यांचीही रचना हीच, पुढे कॉइल आणि मागे पाटे. पण उत्साहाच्या भरात कायदा विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलंय. पाना हातात घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.

मोआबला जायचंय?

- कसं जाल : सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमानाने, तिथून रस्त्याने सुमारे चार तास.
- कधी जाल : एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. उन्हाळ्यात दगड तापतो, सावली शोधून सापडत नाही. ईस्टरच्या आठवड्यात गाव जीपवाल्यांनी फुल्ल असतं.
- गाडी : भाड्याच्या साध्या गाडीने ट्रेलवर जाऊ नका, करारात बहुतेक वेळा मनाई असते. गावात जीप भाड्याने मिळतात, गाईडसकट सफारीही मिळते.
- लक्षात ठेवा : वाट सोडून मातीवर गाडी घालू नका. वाळवंटातली ती काळपट, खडबडीत माती जिवंत असते, एका टायरने मोडली की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.
- बरोबर न्या : भरपूर पाणी, टायरमध्ये हवा भरायचा पंप... आणि 'आवाज कसला आहे?' असं वेळेवर विचारणारं एक तरी माणूस.